भूचर भुंगेरे

ढालपंखी गणातील (कोलिऑप्टेरा) कॅराबिडी कुलाचे कीटक. जगात त्यांच्या सुमारे ४०,००० जाती नोंदल्या गेल्या आहेत. बहुतेक जाती निशाचर आणि शिकारी असून दिवसा कुंड्यांखाली, दगडांच्या फटीत, पालापाचोळ्यात दडून बसतात. कुंडी उचलली की उडण्याऐवजी झपाट्याने पळत सुटतात.

अंग चपटसर, काळे किंवा गर्द तपकिरी. डोके छातीपेक्षा अरुंद. जबडे पुढे आलेले. मिशा अकरा खंडांच्या, धाग्यासारख्या. पाठीवरील दोन टणक पंख मधोमध सरळ रेषेत मिळतात आणि बहुधा त्यांवर उभ्या रेघा असतात. घाईत हे झुरळ वाटू शकतात, पण झुरळाचे पंख एकमेकांवर चढलेले असतात व त्याचे डोके वरून जवळजवळ दिसतच नाही.

खरा घोटाळा होतो तो अळीच्या बाबतीत. माती खणताना निघालेली प्रत्येक अळी हुमणी समजून मारली जाते. हुमणी ही दुसऱ्या भुंगेऱ्यांची अळी; ती पांढरट, जाड, अर्धवर्तुळात वळलेली असते आणि मुळे खाते. भूचर भुंगेऱ्याची अळी सरळ, लांबट, चपळ असते. तिला सहा पाय आणि शेपटीकडे बहुधा दोन टोके असतात. ती मातीतल्या इतर अळ्या खाते. प्रौढही सुरवंट, गोगलगायी, किड्यांची अंडी फस्त करतात. काही जाती मात्र बिया खातात.

भारतात सहज ओळखू येणारी जात म्हणजे अँथिया सेक्सगुटाटा: सुमारे ४ सेंमी. लांब, काळीभोर, छातीवर दोन व पंखांवर चार पांढरे ठिपके. तिला उडता येत नाही. छेडल्यास पोटाच्या टोकातून आम्ल फवारते, म्हणून उचलायचा मोह टाळावा. ‘बॉम्बार्डियर’ भुंगेरे याहून वस्ताद. त्यांच्या पोटात हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड विकरांच्या संपर्कात येऊन सुमारे १०० अंश सेल्सिअस तापमानाचा फवारा ‘फट्’ आवाजासह बाहेर पडतो. कातडीवर तपकिरी डाग उरतो.

पावसाळ्यात दिव्याच्या उजेडाला काही जाती घरात शिरतात. लाकूड, कपडे यांना त्यांचा उपद्रव नाही, घरात त्यांची वीणही वाढत नाही. सुपलीत घेऊन बाहेर सोडणे पुरते. वळिवानंतर हुमणीच्या भुंगेऱ्यांसाठी लावलेल्या प्रकाश सापळ्यात हेही सापडतात. लांब धाग्यासारख्या मिशांचे ते हे. ज्यांच्या आखूड मिशांचे टोक पंख्यासारखे उघडते, ते हुमणीचे.