प्रगती प्रकाशन, मॉस्को

प्रगती प्रकाशन ही सोव्हिएत सरकारची प्रकाशनसंस्था, रशियन नाव ‘प्रोग्रेस’. रशियन पुस्तकं परदेशी भाषांत आणायची आणि जगभर स्वस्तात पोचवायची हे तिचं मुख्य काम, मग तो लेनिन असो नाहीतर तोल्स्तोय.

सुरुवात १९३१ ची. तेव्हा परदेशातून सोव्हिएत युनियनमध्ये कामाला आलेल्या कामगारांच्या नावाने मॉस्कोत एक सहकारी प्रकाशन निघालं, पुढे त्याचं ‘विदेशी भाषा प्रकाशनगृह’ झालं आणि १९६३ मध्ये फेररचना होऊन ‘प्रगती’. विज्ञानाची पुस्तकं ‘मीर’ या दुसऱ्या सोव्हिएत प्रकाशनाकडे गेली, १९८२ मध्ये कथा-कादंबऱ्या आणि मुलांची पुस्तकं ‘रादुगा’कडे. आपल्याकडे सरसकट ‘रशियन पुस्तकं’ म्हणतात त्यात ही तीन घरं येतात, म्हणजे जेईईवाली पोरं ज्याची भौतिकशास्त्रातली गणितं अजून घासतात तो इरोडोव्ह मीरचा, प्रगतीचा नाही.

कामाची पद्धत बघण्यासारखी होती. अनुवाद करायला शक्यतो त्याच भाषेचा माणूस, त्याला मॉस्कोत नोकरी द्यायची, आणि त्याने केलेलं काम ती भाषा शिकलेला रशियन संपादक मुळाशी ताडून बघणार. हिंदीचे भीष्म साहनी १९५७ ते १९६३ तिथे होते, तोल्स्तोयचं ‘पुनरुत्थान’ त्यांनी त्याच काळात हिंदीत आणलं. बंगाली कवी समर सेनही साधारण तेव्हाच गेले. मराठीत अनिल हवालदार यांचं नाव जुन्या वाचकांना चांगलं माहीत आहे. शेवटच्या पानावर बहुतेक वेळा एक छोटं निवेदन असायचं, की अनुवाद, मांडणी कशी वाटली ते कळवा, खाली मॉस्कोच्या झुबोव्स्की बुलेव्हारचा पत्ता. मराठी प्रकाशकांनी एवढं तरी उचलायला हरकत नव्हती.

किंमत हा तर वेगळाच विषय. जाडजूड, कापडी बांधणीचं पुस्तक इथल्या साध्या पुस्तकापेक्षा स्वस्त मिळायचं, कारण खर्च वाचकाकडून वसूल करायचाच नव्हता, तो सरकारने उचललेला, आणि भारताशी व्यवहार रुपयात असल्यामुळे डॉलरची भानगडही नव्हती. महाराष्ट्रात विक्री मुख्यतः लोकवाङ्मय गृहाकडून, मुंबईत फोर्टातलं पीपल्स बुक हाऊस, शिवाय गावोगावची प्रदर्शनं. लोक कम्युनिस्ट पक्षाची पुस्तकं बाजूला ठेवून गोर्की, चेखव आणि मुलांची चित्रांची पुस्तकं उचलायचे हे उघड गुपित.

पण पैसे सरकारचे म्हटल्यावर निवडही सरकारचीच. पास्तरनाकची ‘डॉक्टर झिवागो’ जगभर गाजली, नोबेलही जाहीर झालं, तरी कित्येक वर्षं मॉस्कोहून ती कुणाला मिळाली नाही. स्टालिनच्या समग्र लेखनाचे इंग्रजीत १३ खंड निघाले आणि मग वारं फिरलं, पुढचे खंड आलेच नाहीत. सगळ्यात गंमत म्हणजे हीच संस्था उलट्या दिशेनेही काम करायची: पाश्चात्त्य राजकीय पुस्तकं रशियनमध्ये आणून थोड्याच प्रती छापायच्या, प्रत्येक प्रतीवर नंबर, आणि त्या फक्त ठरलेल्या यादीतल्या वरच्या लोकांनाच. सामान्य रशियन वाचकाला त्याचा वासही नाही. प्रचारयंत्रणा म्हणून हिला मोडीत काढणारे आणि बालपणीच्या आठवणीत रमणारे, दोघंही ही बाजू सहसा विसरतात.

१९९१ मध्ये सोव्हिएत युनियन गेलं आणि पैसा आटला. पुस्तक कितीही खपलं तरी त्या किमतीत धंदा उभा राहणं शक्य नव्हतं, त्यामुळे भारतीय भाषांचे विभाग बंद पडले, आयुष्याची कित्येक वर्षं मॉस्कोत काढलेले अनुवादक एकदम बेकार झाले, काही परत आले, काही तिथेच मिळेल ते काम करत राहिले.