नॅनोकणांची स्वयंरचना

द्रवात तरंगणारे, साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण आपोआप नियमित जालकात बसण्याची क्रिया. या रचनेस अधिजालक म्हणतात. त्यात अणूंच्या जागी कण असतात.

विषयाचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. ओपल रत्नातील रंग सिलिकाच्या शिस्तीत रचलेल्या गोलकांमुळे दिसतात, हे १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियात सँडर्स व सहकाऱ्यांनी दाखवले. ते गोलक बहुधा १५० नॅनोमीटरहून मोठे, म्हणून अनेक लेखक मरे, केगन व बवेंडी यांच्या कॅडमियम सेलेनाइडच्या अधिजालकापासून (१९९५) सुरुवात करतात. तथापि दोन आकारांच्या गोलकांची एकास तेरा (एका मोठ्यामागे तेरा लहान) ही मांडणी १९८० च्या सुमारास ब्राझीलच्या ओपलमध्येच ओळखली गेली होती. तेव्हा ओपलला वगळणे सयुक्तिक वाटत नाही.

कण आकर्षणामुळे ओळीत बसतात, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. एकमेकांना मुळीच न ओढणारे कठीण गोलही दाटी वाढताच स्फटिकरूप घेतात, असे १९५७ मध्ये ऑल्डर व वेनराइट यांच्या संगणकीय गणितातून दिसले. गोलांनी सुमारे ४९ टक्के घनफळ व्यापले की स्फटिकीभवन सुरू होते, ५४.५ टक्क्यांपुढे द्रव उरत नाही. जालकात प्रत्येक गोलाला स्वतःच्या जागेभोवती हलायला जास्त मोकळीक मिळते, म्हणून एकूण एन्ट्रॉपी (शक्य असलेल्या मांडण्यांच्या संख्येचे माप) वाढते. प्यूसी व व्हॅन मेगन यांना १९८६ मध्ये कलिलात (सूक्ष्म कण तरंगत असलेल्या द्रवात) हेच आढळले. फलककेंद्रित (घनाच्या कोपऱ्यांत व फलकांच्या मध्यावर गोल) आणि षट्कोनी (एकाआड एक थर सारखे) या दोन्ही मांडण्या सारख्याच घट्ट. मुक्त ऊर्जेतील (ती कमी असेल ती मांडणी अधिक स्थिर) फरक कणामागे औष्णिक ऊर्जेच्या जेमतेम हजारांशाएवढा, पण फलककेंद्रिताच्या बाजूचा. प्रत्यक्ष नॅनोकणांवर मात्र सेंद्रिय रेणूंचे आवरण असते. ते गाभ्याच्या मानाने लांब असल्यास सैल अशी अंतःकेंद्रित (घनाच्या कोपऱ्यांत व मधोमध कण) मांडणीही येते, तेव्हा केवळ एन्ट्रॉपीवर भिस्त ठेवता येत नाही.

टोल्यूइनमधील सुवर्णकणांचा थेंब भराभर सुकला तर कडेला वर्तुळाकार डाग पडतो. झाकून सावकाश सुकू दिल्यास सलग थर मिळू शकतो. डीएनएच्या पूरक धाग्यांनी कण जोडण्याची रीत १९९६ ची.

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (वेगवान इलेक्ट्रॉनांपासून प्रखर क्ष-किरण मिळवणाऱ्या यंत्रावर) लघुकोन क्ष-किरण प्रकीर्णनाची, म्हणजे क्ष-किरण लहान कोनांत कसे विखुरतात ते मोजून कणांची मांडणी ओळखण्याची, सोय आहे. विस्कळीत कणांच्या प्रकीर्णनाच्या आलेखात पसरट उंचवटा दिसतो. क्रम आला की त्याजागी टोकदार शिखरे येतात, आणि फलककेंद्रित जालकात त्यांची स्थाने ३, ४, ८ यांच्या वर्गमुळांच्या प्रमाणात पडतात.