अमेरिकेतील बाल सॉकर लीग

एखाद्या गावातील किंवा उपनगरातील साधारण चार ते बारा वर्षांच्या मुलामुलींसाठी तिथल्याच पालकांनी बिनपगारी चालवलेली फुटबॉलची हंगामी साखळी. अमेरिकेत ‘फुटबॉल’ हे नाव वेगळ्याच खेळाकडे गेल्यामुळे आपल्या फुटबॉलला तिथे सॉकर म्हणतात. ही लीग शाळेची नसते आणि निवड चाचणी घेणाऱ्या क्लबचीही नसते. नाव नोंदवले की मूल संघात आले, आणि संघात आले की ते खेळणारच. मैदानाची मापे, संघातील मुलांची संख्या, वेळेची विभागणी या सगळ्यांच्या मुळाशी हीच अट आहे. सर्वांत लहान गटांत गुणतक्ता ठेवला जात नाही, त्यामुळे ‘स्पर्धा’ हा शब्द या नोंदीत जपूनच वापरला आहे.

उगम

१९६० च्या दशकात अमेरिकेत सॉकर हा मुख्यतः बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांचा खेळ मानला जाई. १९६४ साली कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे हान्स स्टियर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन’ (एवायएसओ) ही संस्था सुरू केली. पहिल्या हंगामात नऊ संघ होते. १९७१ पासून मुलींचे संघही खेळू लागले. १९७४ साली राष्ट्रीय महासंघाची युवा शाखा, म्हणजे आजची ‘यूएस यूथ सॉकर’, स्थापन झाली. १९७५ मध्ये ब्राझीलचा विख्यात खेळाडू पेले न्यूयॉर्क कॉसमॉस या संघाकडून खेळायला आला, १९९४ मध्ये विश्वचषक अमेरिकेत भरला, आणि या काळात हा खेळ उपनगरांतील घराघरांत पोहोचला. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय संघांतून खेळलेल्या लँडन डोनोव्हन आणि अॅलेक्स मॉर्गन यांनी लहानपणी पहिली लाथ मारली ती अशाच पालकांनी चालवलेल्या लीगमध्ये.

एवायएसओचे ब्रीद ‘एव्हरीवन प्लेज’, म्हणजे सगळ्यांनी खेळायचे. त्याचा नियमातला अर्थ नेमका आहे: प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्याचा किमान निम्मा वेळ मैदानावर मिळालाच पाहिजे. मुलांच्या खेळात याहून न्याय्य नियम शोधून सापडणार नाही. चेंडू अंगावर आला की डोळे मिटणारा मुलगाही निम्मा वेळ मैदानावर असतो, आणि संघ हरत असला तरी त्याला बाहेर बसवता येत नाही.

या नियमाचे गणित पाहण्यासारखे आहे. सात-आठ वर्षांच्या गटात चार विरुद्ध चार असा सामना होतो आणि दहा-दहा मिनिटांचे चार भाग असतात. म्हणजे एका संघाच्या वाट्याला ४० गुणिले ४, अशी १६० मिनिटे येतात. संघात सहा मुले असतील तर प्रत्येकाला जवळजवळ २७ मिनिटे मिळतात. आठ असतील तर बरोबर वीस, म्हणजे निम्मी. नववे मूल घेतले की भागाकार अठराच्याही खाली जातो आणि नियम मोडतो. लीगची नोंदवही सांभाळणारा पालक ‘संघ भरला’ म्हणतो तेव्हा तो आडमुठेपणा नसतो. त्या वेळी त्याला नवा संघ काढावा लागतो, आणि नव्या संघाला नवा कोच लागतो. कोणी पुढे येईना म्हणून मुले प्रतीक्षायादीत राहण्याची वेळ येते. मुले भरपूर आणि कोच कमी, ही या लीगची कायमची अडचण आहे.

लहान मैदान

पूर्वी सहा वर्षांच्या मुलांनाही मोठ्यांच्या मैदानावर, मोठ्यांच्या गोलांसमोर उतरवले जाई. त्यात तीन-चार दणकट मुले खेळत आणि बाकीची गवतात उभी राहत. अमेरिकी महासंघाने २०१५ मध्ये नवे निकष जाहीर केले आणि २०१७ पासून ते बंधनकारक केले. आठ वर्षांपर्यंत चार विरुद्ध चार, दहापर्यंत सात विरुद्ध सात, बारापर्यंत नऊ विरुद्ध नऊ, आणि पूर्ण अकरांचा खेळ तेराव्या वर्षापासून.

चौघांच्या खेळाचे मैदान लांबीला २५ ते ३५ यार्ड आणि रुंदीला १५ ते २५ यार्ड. गोल जेमतेम चार फूट उंच, सहा फूट रुंद. गोलरक्षक नाही, ऑफसाइड (प्रतिस्पर्ध्यांच्या बचावफळीपुढे आधीच जाऊन पास घेण्यास मनाई) नाही. आठपर्यंतच्या मुलांना तीन नंबरचा चेंडू, नंतर बारापर्यंत चार नंबरचा, आणि पुढे मोठ्यांचा पाच नंबरचा. मैदान आणि संघ लहान झाल्यामुळे चेंडू प्रत्येकाच्या पायाशी वारंवार येतो, आणि या वयात शिकायचे ते एवढेच.

सात जणांच्या खेळात गोलरक्षक येतो, पण त्याने हातातला चेंडू लाथेने उंच मारायचा नाही. मैदानावर प्रत्येक अर्ध्यात एक जादा रेषा आखलेली असते. गोलरक्षकाच्या हातात चेंडू आला की प्रतिस्पर्ध्यांनी त्या रेषेमागे जायचे, म्हणजे मुलांना आपल्याच गोलापासून पास देत देत पुढे येण्याची उसंत मिळते. कडेला उभ्या असलेल्या बापाला ही रेषा बहुधा पटत नाही. ‘लांब मार’ ही त्याची आरोळी या नियमाच्या नेमकी विरुद्ध असते.

शनिवारची सकाळ

मुख्य हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंतचा. नोंदणी उन्हाळ्यात किंवा त्याआधीच होते. मैदाने नगराच्या उद्यान विभागाकडून किंवा शाळांकडून परवान्याने घेतलेली असतात, आणि ती वेळेत मिळवणे हे वर्षातील सर्वांत चिकाटीचे काम. समजा ३६० मुले आहेत आणि सहा-सहांचे ६० संघ झाले. म्हणजे दर शनिवारी ३० सामने. मोठ्या मैदानात चार लहान मैदाने आखली आणि सामन्याला एक तास धरला, तर सकाळी आठला सुरू झालेला दिवस चारच्या सुमारास संपतो.

आखणी आदल्या संध्याकाळी किंवा पहाटे होते. दोन पालक, एक लांब टेप, दोरी, खुंट्या आणि रंगाची ढकलगाडी. कोपरा काटकोनात यावा म्हणून दोरीवर तीन, चार आणि पाच मापांचा त्रिकोण धरतात. आपल्याकडे गवंडी घराचा पाया आखताना हेच करतो. गवत दवाने ओले असले की रंग धरत नाही आणि रेषा फाटल्यासारखी दिसते. मग सगळे मैदान चालून पाहायचे: पाणी शिंपडणाऱ्या नळीचे डोके वर राहिले आहे का, कुत्र्याची घाण आहे का, आणि कॅलिफोर्नियात तर गोफर नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याने रात्रीत नवे भोक पाडले आहे का. अशा भोकात लहान पाय घोट्यापर्यंत जातो. म्हणून पालक ते मातीने बुजवतात आणि टाचेने दाबून बघतात.

सुटे गोल जमिनीला खिळवणे किंवा त्यांच्या मागच्या दांडीवर वाळूच्या पिशव्या ठेवणे याला पर्याय नाही. अमेरिकेत असे गोल उलटून मुले दगावलेली आहेत. खेळ संपल्यावर मुले आडव्या दांडीला लोंबकळतात, अपघात नेमका तेव्हा होतो. ‘पाच मिनिटांचाच तर प्रश्न आहे’ म्हणून पिशव्या न ठेवणाऱ्या पालकाला मैदानप्रमुखाने तिथल्या तिथे थांबवावे, त्यात भीड नको.

सामन्यापूर्वी रेफरी मुलांची रांग लावून तपासणी करतो. नडगीवर शिनगार्ड आणि त्यावर ओढलेले मोजे हवेत, अंगावर दागिना नको. भारतीय घरातल्या मुलांपाशी ही रांग हमखास अडते. कानातल्या बाळ्या, हातातले कडे, मनगटाचा काळा दोरा, गळ्यातली साखळी, सगळे काढावे लागते, चिकटपट्टी लावून झाकलेलेही चालत नाही. आजाराची सूचना देणारे कडे मात्र ठेवता येते. मुलीचे कान नुकतेच टोचून आणलेल्या आईला ते हंगाम संपल्यावर टोचायला हवे होते, हे त्या रांगेतच कळते.

कोच

कोच म्हणजे बहुतेक वेळा संघातल्याच कोणाची आई किंवा बाप. त्याने आयुष्यात सॉकर खेळलेले असेलच असे नाही. लीग त्याला काही तासांचे प्रशिक्षण देते, चेंडूंची जाळीदार पिशवी आणि शंकू देते, आणि आठवड्यातून एक सराव त्याच्यावर सोपवते.

पाच वर्षांच्या मुलांना जागा धरून खेळणे कळत नाही. चेंडू जिकडे जाईल तिकडे सगळी मुले जातात, मोहोळ उठावे तशी. नवा कोच हे मोहोळ फोडायला घसा बसेपर्यंत ओरडतो. अनुभवी कोच ते तसेच राहू देतो, कारण त्या वयात ते स्वाभाविक आहे आणि आठ-नऊच्या सुमारास आपोआप विरळ होते. चांगल्या सरावात प्रत्येक मुलाकडे स्वतःचा चेंडू असतो, रांगा नसतात आणि भाषण नसते. पाठलागाचे खेळ चेंडू पायाशी ठेवून खेळवले जातात. त्यातला एक आपल्या विषामृताच्या फार जवळचा आहे: पकडले गेलेले मूल पाय फाकवून उभे राहते आणि दुसऱ्याने त्याच्या पायांमधून चेंडू काढला की ते सुटते. पाय आपोआप शिकतात, मुलांना वाटते आपण नुसते खेळलो.

संघ समतोल करणे हे आणखी एक जिकिरीचे काम. हंगाम संपताना प्रत्येक कोच मुलांना गुण देतो आणि पुढच्या वर्षी त्या गुणांवरून संघ पाडले जातात. भावंडे एकत्र राहतील हे पाहतात, एकाच गाडीने येणाऱ्यांचाही शक्यतो विचार होतो. इथे लबाडीला जागा आहे. आपल्या चांगल्या मुलांना कमी गुण देऊन त्यांना पुन्हा आपल्याकडे खेचणारे कोच असतात. जुन्या जाणत्या लीगमध्ये म्हणून गुण दोघांकडून घेतात.

सुरक्षितता

२०१४ साली काही पालकांनी डोक्याच्या दुखापतींबद्दल महासंघावर आणि युवा संस्थांवर कॅलिफोर्नियात दावा दाखल केला. त्यातून झालेल्या तडजोडीनंतर २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये महासंघाने दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्यास बंदी केली आणि त्यापुढच्या वयात सरावातील हेडरवर मर्यादा घातली. लहान गटाच्या सामन्यात मुलाने मुद्दाम डोके लावले तर समोरच्या संघाला अप्रत्यक्ष फ्री किक (जिच्यावरून थेट गोल करता येत नाही) मिळते. डोक्याला मार लागल्याची शंका आली की मूल बाहेर येते आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परत उतरत नाही. वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये असा पहिला कायदा केला आणि पाच वर्षांत सर्व राज्यांत तसे कायदे आले.

मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक प्रौढाची पार्श्वभूमी तपासली जाते. कॅलिफोर्नियात २०२२ पासून त्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि बाल अत्याचार ओळखण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. प्रौढाने मुलासोबत एकट्याने, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी थांबायचे नाही. सराव संपल्यावर एखाद्या मुलाला न्यायला कोणी आले नसेल तर दोन मोठी माणसे थांबतात. आपल्या लोकांना हे सुरुवातीला अविश्वासाचे वाटते, पण हा नियम कोच आणि मूल दोघांनाही सांभाळतो.

वीज चमकली किंवा गडगडले तर मैदान रिकामे होते आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे खेळ होत नाही.

मैदानाच्या कडेला

घडीच्या खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, मध्यंतराला संत्र्याच्या फोडी. फोडी कोणी आणायच्या याची यादी संघाची पालक प्रतिनिधी ठेवते आणि कोणाला शेंगदाण्याची किंवा सुक्यामेव्याची अॅलर्जी आहे हेही तिलाच लक्षात ठेवावे लागते.

लीगचे खरे दुखणे याच कडेला आहे. लहान गटांत शिट्टी बहुधा किशोरवयीन मुलाच्या किंवा मुलीच्या तोंडात असते. चाळीस वर्षांचा माणूस तेरा वर्षांच्या रेफरीवर थ्रो-इनवरून (बाहेर गेलेला चेंडू कोणी आत फेकायचा यावरून) ओरडतो तेव्हा ती पोर पुढच्या हंगामात परत येत नाही. अनेक ठिकाणी म्हणून ‘मूक शनिवार’ पाळतात: त्या दिवशी पालकांनी टाळ्या वाजवायच्या, शब्द बोलायचा नाही. काही लीग त्या दिवशी मोठ्यांच्या तोंडात अक्षरशः लॉलीपॉप देतात. त्या शांततेत पहिल्यांदाच मुलांचे आवाज ऐकू येतात. ती एकमेकांना नावाने हाका मारत असतात, आणि एरवी ते कोणाला ऐकू गेलेले नसते.

नऊ-दहाव्या वर्षी चांगली खेळणारी मुले निवड करणाऱ्या, महागड्या क्लबांकडे जातात आणि त्यांच्याबरोबर चांगले कोचपालकही जातात. वस्तीची लीग दरवर्षी असे रक्त देऊन उभी राहते.

मराठी संबंध

न्यू जर्सी किंवा सॅन फ्रान्सिस्को उपसागर परिसरातल्या मराठी घरांत शनिवार-रविवारचे वेळापत्रक या लीगवर बेतलेले असते, आणि मराठी शाळेची वेळ व सामन्याची वेळ एकमेकींवर आदळत राहते. क्रिकेटवर वाढलेल्या कितीतरी बापांनी सॉकरचे नियम पोराच्या निमित्ताने, कोच म्हणून नाव दिल्यावर शिकले आहेत.

भारतात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने सुरू केलेली ‘गोल्डन बेबी लीग’ याच विचाराची होती: लहान संघ, लहान मैदान, मुले-मुली एकत्र, आणि चालवणारे बहुधा स्थानिक लोक. मिझोराम आणि मेघालयाने ती मनापासून उचलली. गोव्यात एफसी गोवाशी संलग्न फोर्सा गोवा फाउंडेशन लहान मुलांची लीग चालवते. कोल्हापुरात फुटबॉल तालमींनी जगवला, तिथे शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठा रिकाम्या होतात.

मुंबई-पुण्यात मोकळे मैदान नाही, ही तक्रार नेहमीची आणि खरी आहे. पण बास्केटबॉलचे प्रमाणित मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते, म्हणजे साधारण ३०.६ बाय १६.४ यार्ड. चार विरुद्ध चारच्या मापात ते बरोबर बसते. फरशी कठीण असल्याने स्टडचे, म्हणजे तळाला खुंट्या असलेले, बूट चालणार नाहीत, साधे कॅनव्हासचे हवेत, आणि गोलांसाठी चार शंकू पुरतात.