अमेरिकेत पोहोचलेलं एकमेव तरस

आज तरसाच्या चारच जाती उरल्या आहेत. आपल्या माळरानांवरचं पट्टेदार तरस त्यातलं एक. बाकी तिन्ही आफ्रिकेत. या कुळाचा जुना पसारा मात्र केवढा तरी मोठा होता. त्यातल्या कॅस्मापोर्थेटीस या नामशेष प्रजातीचे जीवाश्म आफ्रिका, युरोप आणि आशियात सापडतात, शिवाय अमेरिकेतही. अमेरिकेपर्यंत मजल मारलेलं तरस हे एवढंच.

१९२१ मध्ये ऑलिव्हर हे (Hay) या अमेरिकी पुराजीवशास्त्रज्ञाने ॲरिझोनात, ग्रँड कॅन्यनच्या परिसरात मिळालेल्या अवशेषांवरून या प्रजातीला नाव दिलं. पाय लांब, सडपातळ, चित्त्याची आठवण करून देणारे. दाढा मांस कापायला धारदार. म्हणजे मेलेल्या जनावराची वाट बघत बसणारा हा प्राणी नव्हे, तो पाठलाग करून शिकार करत असावा.

हिमयुगात पाणी बर्फात अडकून समुद्राची पातळी खाली गेली की सैबेरिया आणि अलास्का जमिनीने जोडले जात. तरस याच वाटेने आलं असणार, असं अभ्यासक धरून चालले होते. पण एका टोकाला मंगोलिया, दुसऱ्या टोकाला अमेरिका या देशाचा दक्षिण भाग, आणि मधल्या हजारो किलोमीटरमध्ये पुरावा शून्य.

तो पुरावा संग्रहालयात पडून होता. कॅनडाच्या युकॉन प्रदेशातलं ओल्ड क्रो खोरं हा वुंटुट ग्विचिन या आदिवासींचा प्रदेश. तिथून मिळालेले प्राण्यांचे जीवाश्म ५० हजारांहून जास्त. त्यात १९७० च्या दशकात गोळा केलेले दोन दात ओटावात जपून ठेवलेले होते. पुराजीवशास्त्रज्ञ जॅक त्सेंग यांनी ते प्रत्यक्ष पाहून ओळखले आणि ग्रँट झझुला व लार्स वर्देलिन यांच्यासह २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. वय साडेआठ ते चौदा लाख वर्षांच्या दरम्यान. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती जपणूक: कुणी टाकून दिले असते, तर प्रश्न तसाच राहिला असता.

हे दात पहिल्यांदा आलेल्या कळपाचे नाहीत, कारण अमेरिकेतलं याचं आगमन त्याच्याही कितीतरी आधीचं. पण आर्क्टिकच्या थंडीतही तरस तग धरून होतं, हे त्यांनी पक्कं केलं. कॅरिबू, घोडे, कदाचित मॅमथची पिल्लं हे त्याचं भक्ष्य असावं. आखूड तोंडाच्या अस्वलासारख्या बलाढ्य स्पर्धकांमुळे ते मागे पडलं असावं, असा अभ्यासकांचा कयास आहे. पुढे गुहेतलं तरस हे याच कुळातलं दुसरं तरस युरोपपासून सैबेरियापर्यंत पसरलं, पण अमेरिकेत त्याचं एकही हाड मिळालेलं नाही.