रूपाची चिंता आणि मधला पर्याय

जपानच्या २०१९ सालच्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण सर्वेक्षणात विशीतल्या स्त्रियांपैकी सुमारे एकपंचमांश स्त्रियांचा बीएमआय १८.५ पेक्षा कमी, म्हणजे कमी वजनाच्या गटात मोडणारा, आढळला. हा आकडा वजनकाटा आणि उंचीची पट्टी यांतून मिळतो. आपल्या दिसण्याविषयी माणसाच्या मनात किती चिंता आहे, हे मात्र त्यातून कळत नाही. कारण वजन अगदी योग्य असणाऱ्या व्यक्तीलाही नाक, पापण्या किंवा त्वचेवरचे डाग यांची काळजी दिवसभर पोखरत असू शकते. ही चिंता मोजण्यासाठी मानसशास्त्रज्ञ प्रश्नावली वापरतात.

अमेरिकेत २००५ साली हेदर लिटलटन आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली ‘बॉडी इमेज कन्सर्न इन्व्हेंटरी’ ही अशीच एक प्रश्नावली असून तिची जपानी आवृत्तीही संशोधनात वापरली जाते. तिच्यात १९ विधाने आहेत. आरशात वारंवार पाहणे, उणीव झाकण्यासाठी कपडे घेणे, दिसण्याविषयी इतरांकडून दिलासा मागणे, दिसण्यापायी कार्यक्रमाला जाणे टाळणे, अशा गोष्टी आपल्या बाबतीत कितपत घडतात हे उत्तर देणाऱ्याने १ ते ५ या श्रेणीवर नोंदवायचे असते. त्यामुळे एकूण गुण किमान १९ आणि कमाल ९५ होतात. व्यक्ती खरोखर कशी दिसते, हा प्रश्न या चाचणीत कुठेच येत नाही, आणि माझ्या मते हेच तिचे बलस्थान आहे.

अडचण सुरू होते ती चाचणी दुसऱ्या देशात नेल्यावर. विधानांचे भाषांतर करून, ते दुसऱ्याकडून मूळ भाषेत उलट आणून ताडून पाहणे, हा त्यातला तुलनेने सोपा भाग. जपानी उत्तरदाते टोकाच्या पर्यायांपेक्षा मधल्या पर्यायाकडे अधिक झुकतात, असे अमेरिकी विद्यार्थ्यांशी केलेल्या तुलनेत दिसून आले आहे. आता एखाद्याने १९ विधानांपुढे डोळे झाकून ३ वर खूण केली, तर त्याचे ५७ गुण होतात. दुसऱ्याने निम्म्या विधानांना १ किंवा २ आणि उरलेल्यांना ४ किंवा ५ दिले, तर त्याचेही गुण ५७ च्या आसपासच येतील. पण पहिल्याबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच समजलेले नसते, तर दुसऱ्याची चिंता नेमकी कशात अडकली आहे ते स्पष्ट दिसते. म्हणून अमेरिकेत ठरवलेली धोक्याची रेषा जपानी गुणांवर जशीच्या तशी ओढणे धाडसाचे ठरते. कोणती विधाने एकमेकांबरोबर वरखाली होतात, हे तपासणारे घटक विश्लेषणही जपानी उत्तरांवर नव्याने करावे लागते. मूळ चाचणीत विधानांचे दोन गट पडले होते, एक दिसण्याविषयीच्या असमाधानाचा आणि दुसरा त्यामुळे रोजच्या व्यवहारात येणाऱ्या अडथळ्यांचा. हीच विभागणी इतरत्र टिकेल असे गृहीत धरता येत नाही.

त्याहून खोल प्रश्न चिंतेच्या रोखाचा आहे. जपानी मानसोपचारात ‘तायजिन क्योफुशो’ नावाचा एक भयविकार फार पूर्वीपासून वर्णिलेला आहे. त्यात ‘लोक मला हसतील’ या भीतीपेक्षा ‘माझ्यामुळे लोकांना त्रास होईल’ ही भीती पुष्कळदा प्रबळ असते. आपले रूप विद्रूप आहे या भीतीचा त्यातला उपप्रकार म्हणजे ‘शूबो-क्योफू’. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेत त्याची स्वतंत्र नोंद आहे. ‘लोक माझ्याबद्दल वाईट बोलतात’ असे विधान असलेली चाचणी स्वतःच्या अपमानाची धास्ती पकडते; आपल्या चेहऱ्याने समोरच्याला अवघडल्यासारखे होते, ही खंत तिच्या जाळीतून निसटू शकते.

विधानांचा अर्थ काळानुसारही बदलतो, आणि मास्क हे त्याचे ठळक उदाहरण आहे. आजारपणाचे कारण नसताना, चेहरा झाकावासा वाटतो म्हणून मास्क लावणाऱ्यांविषयी जपानमध्ये कोविडच्या आधीपासून चर्चा होती. मार्च २०२३ मध्ये सरकारने मास्कचा निर्णय ज्याच्या-त्याच्यावर सोपवला, तरी अनेकांनी तो उतरवला नाही. काहींना संसर्गाची धास्ती होती, काहींना परागकणांची ॲलर्जी, तर काहींना उघड्या चेहऱ्याचा संकोच वाटत होता. त्यामुळे ‘मी चेहऱ्याचा काही भाग झाकतो’ एवढेच विचारून आता भागत नाही. झाकण्यामागचे कारणही त्याच विधानात यावे लागते.