गाडी मक्खन चालतेय, तरी परत का बोलावतात?

मे महिन्यात इंदूरच्या राजवाड्याच्या आसपास गाडीला सावली मिळणं हा नशिबाचा भाग. बाहेर 42 अंश असले की बंद काचांच्या आत पारा सहज साठीच्या पुढे जातो. तीच गाडी जानेवारीच्या पहाटे दहाच्या खाली गारठते, आणि पावसाळ्यात महिनोन्महिने दमट हवेत उभी राहते. स्टिअरिंगच्या मधोमध, कंपनीच्या चिन्हामागे, धातूची एक छोटी डबी बसवलेली असते. हे सगळं तीही सोसत असते, वर्षानुवर्षं. मोटारींच्या इतिहासातला सर्वांत मोठा रिकॉल, म्हणजे दोषाच्या शंकेने विकलेल्या गाड्या कंपनीने परत बोलावणं, अशाच डबीमुळे झाला.

तिला इन्फ्लेटर म्हणतात. एअरबॅगमध्ये हवा भरून ठेवलेली नसते. डबीत घन इंधनाच्या दाबून घट्ट केलेल्या गोळ्या असतात. धडक झाली की सेन्सर विजेचा झटका देतो, गोळ्या पेटतात आणि त्यांच्या वायूने साधारण 30 मिलिसेकंदांत पिशवी फुगते. हा स्फोटच, फक्त मापात ठेवलेला. आणि हे माप ठरतं जळणाऱ्या पृष्ठभागावर. खडीसाखर तोंडात बराच वेळ टिकते, बत्तासा टाकताच विरघळतो. साखर तीच, पण बत्तासा आतून पोकळ आणि सच्छिद्र असतो, म्हणून लाळेला एकदम भरपूर पृष्ठभाग सापडतो. गोळीचंही तसंच. घट्ट असेल तर ठरलेल्या गतीने जळेल, आतून भुसभुशीत झाली असेल तर एकदम.

जपानच्या ताकाता कंपनीने या गोळ्यांसाठी अमोनियम नायट्रेट निवडलं. खतात आणि खाणीतल्या सुरुंगात वापरतात तेच. स्वस्त, आणि जळल्यावर जवळजवळ सगळ्याचा वायू होतो, मागे राख फार राहत नाही, त्यामुळे डबी लहान करता येते. कागदावर उत्तम. अडचण त्याच्या स्वभावात आहे. शुद्ध अमोनियम नायट्रेटचे स्फटिक 32 अंशांच्या आसपास रचना बदलून फुगतात आणि गार झाले की आकसतात. इंदूरमध्ये वर्षातले कित्येक महिने पारा दिवसातून दोनदा ही रेघ ओलांडतो, सकाळी चढताना आणि रात्री उतरताना. रसायनतज्ज्ञांना हे जुनं ठाऊक होतं, म्हणून दुसरे क्षार मिसळून ही अदलाबदल रोखली होती. पण अमोनियम नायट्रेट हवेतला ओलावाही ओढून घेतं. आणि ज्या डब्या पुढे फुटल्या, त्यांत ओलावा शोषून घेणारी पूड घातलेली नव्हती.

दहा कार-कंपन्यांनी मिळून नेमलेल्या तपासाचा निष्कर्ष फेब्रुवारी 2016 मध्ये आला. काम केलं होतं रॉकेटची इंधनं बनवणाऱ्या ऑर्बिटल एटीके या कंपनीने. एकच दोषी सापडला नाही, तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या: ओलावा शोषणाऱ्या पदार्थाविना अमोनियम नायट्रेट, डबीची ओलावा आत शिरू देणारी बांधणी, आणि वर्षानुवर्षं दमट हवेत तापणं-निवणं. गोळ्या भुसभुशीत होत गेल्या. मग ज्या दिवशी एअरबॅग उघडली, त्या दिवशी दाब डबीला पेलवेना आणि तिच्या चिंध्या छर्‍यांसारख्या चालकाच्या मानेवर-छातीवर गेल्या. काही अपघात तर इतके किरकोळ होते, की एरवी माणूस गाडीतून उतरून समोरच्याशी भांडला असता.

एकट्या अमेरिकेत सुमारे 6 कोटी 70 लाख इन्फ्लेटर परत मागवावे लागले, जगभरात 10 कोटींच्या घरात. गाड्या 19 कंपन्यांच्या, डबी बनवणारा एकच. बदलायला इतक्या नव्या डब्या एकदम आणायच्या कुठून? म्हणून अमेरिकेने नकाशाचे हवामानानुसार भाग पाडले आणि फ्लोरिडा, टेक्सससारख्या उष्ण-दमट राज्यांतल्या गाड्या आधी घेतल्या. गाडी कुठे उभी राहते, हेच धोक्याचं माप ठरलं.

इतकी वर्षं हे लक्षात कसं आलं नाही? चाचणी नव्या मालाची होते आणि हा दोष जुन्या मालात पिकतो, हे अर्धं उत्तर. आपल्या शेजारी पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा लंबवर्तुळाकार ट्रॅक आहे. भन्नाट वेगात गाडी स्थिर राहते का, ब्रेक कसे लागतात, हे तिथे नेमकं कळतं. पण दहा उन्हाळे कुठल्याच ट्रॅकवर मिळत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेत सुटा भाग तापवून 'म्हातारा' करतात. तापमान 10 अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, या ठोकताळ्यावर काही आठवड्यांत काही वर्षं उरकली जातात. उष्णतेपुरता हा हिशेब बरा जमतो. रोजचं तापणं-निवणं आणि थेंबाथेंबाने शिरणारा ओलावा मात्र भट्टी नुसती तापती ठेवून दिसत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर विज्ञानाचं नाही. कार-कंपन्यांना चाचण्यांचे खोटे अहवाल दिल्याची कबुली ताकाताने 2017 मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात दिली, 100 कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं आणि त्याच वर्षी दिवाळं काढलं.

रिकॉलची बातमी वाचली की अमुक कंपनीच्या इतक्या गाड्या खराब निघाल्या, असा अर्थ लोक लावतात. तो बहुधा चुकीचा असतो. होंडाने 2020 मध्ये भारतात 2018 साली बनलेल्या 65,651 गाड्या इंधनपंपासाठी बोलावल्या. पंपातलं पेट्रोल ढकलणारं चक्र सदोष असण्याची शक्यता होती, आणि तसं असेल तर इंजिन चालता चालता बंद पडू शकत होतं. त्यातल्या कित्येकांचे पंप ठणठणीतही असतील. पण वाईट चक्र कुठल्या गाडीत गेलं हे बाहेरून कळत नाही, म्हणून आख्खा लॉट उचलायचा. कुठल्या पाळीत, कुठल्या लॉटमधला भाग कुठल्या चेसिस नंबरच्या गाडीत बसला याची वही जितकी चोख, तितका रिकॉल लहान.

वही बिघडली की काय होतं ते जनरल मोटर्सने दाखवलं. तिच्या काही मोटारींच्या इग्निशन स्विचमधला खटका इतका हलका होता, की किल्लीला जड जुडगा असला किंवा गुडघा लागला तरी किल्ली 'चालू'वरून सरकायची. इंजिन बंद, आणि सोबत एअरबॅगही बंद. एका अभियंत्याने नंतर स्प्रिंग लांब करून दोष गुपचूप सुधारला, पण सुट्या भागाचा नंबर तोच ठेवला. आता जुना आणि नवा स्विच ओळखायचा कसा? 2014 च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत सुमारे 16 लाख गाड्या बोलावल्या. महिन्याभरात आकडा 26 लाखांवर गेला, कारण सुधारित स्विच घेऊन निघालेल्या गाड्यांतही दुरुस्तीच्या वेळी जुना स्विच बसला असण्याची शक्यता नाकारता येईना. भरपाईच्या योजनेने 124 मृत्यू या दोषाशी जोडले. माझ्या मते या प्रकरणातला खरा गुन्हा स्प्रिंगचा नव्हे, त्या न बदललेल्या नंबरचा.

आपल्याकडे 2012 पासून कंपन्यांची स्वेच्छेची संहिता होती. सक्तीचा कायदा 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीने आला आणि नियम एप्रिल 2021 पासून लागू झाले. मालकांच्या तक्रारी ठराविक संख्येपलीकडे गेल्या की सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. पण हे फक्त सात वर्षांच्या आतल्या वाहनांना. ही मर्यादा मला पटत नाही. वेल्डिंग किंवा वायरिंगचा दोष पहिल्या दोन-तीन वर्षांत वर येतो, ते ठीक. वयाबरोबर पिकणाऱ्या दोषाला सात वर्षं म्हणजे कुठे सुरुवात होते आहे. त्यापुढे सगळं कंपनीच्या मर्जीवर.

शिवाय पत्र जातं पहिल्या मालकाच्या पत्त्यावर. इंदूरमध्ये गाडी दोन-तीन हात फिरते. विकणारा "भिया, गाडी एकदम मक्खन चालते" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. इन्फ्लेटर कुरकुरत नाही, त्याचा धूर निघत नाही, बोनेट उघडून मिस्त्रीलाही तो दिसत नाही. तेव्हा जुनी गाडी घेताना टायर दाबून पाहण्याआधी आरसी बुकातला 17 अक्षरी चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकावा. बर्‍याच कंपन्यांच्या साइटवर ही सोय असते, नसेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करावा. नंबर यादीत निघाला तर भाग फुकट बदलून मिळतो, मालक कितवाही असो. आणि गाडी आधी ठोकलेली असेल तर एअरबॅग कुठून आणून बसवली, त्याचं बिल मागावं. भंगारातल्या गाडीतून काढलेली डबी बसवली असेल, तर तिचा या चेसिस नंबरशी काहीच संबंध नसतो आणि यादीत शोधून काही हाती लागत नाही. अशी डबी सर्व्हिस सेंटरमध्येच काढून घ्यावी, ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे नको. बॅटरीची तार सोडवल्यावरही एअरबॅगच्या यंत्रणेत काही वेळ वीज साठलेली असते, आणि डबी पेटायला तेवढी पुरते.