बोटांना आठवणारी अक्षरं

एखादं अक्षर आठवेनासं झालं की चिनी किंवा जपानी माणसाचं बोट तळहातावर नाहीतर हवेत फिरू लागतं. एक आडवी रेघ, एक उभी, एक तिरपी, आणि अक्षर सापडतं. जपानीत याला 'कूशो' म्हणतात, म्हणजे हवेतलं लेखन.

चिनी लिपी म्हणजे नुसती चित्रं, म्हणून ती उजव्या मेंदूनं वाचली जाते, असा समज बराच काळ होता. तो खरा नाही. बहुतेक चिनी अक्षरं चित्रं नाहीतच. आई या अर्थाचं 'मा' घ्या. त्यात डावीकडे बाईची खूण आहे आणि उजवीकडे चक्क घोडा! घोडा तिथं आला तो केवळ उच्चारासाठी, कारण चिनीत घोड्यालाही 'मा'च म्हणतात, फक्त सूर वेगळा. एक तुकडा अर्थाकडे बोट दाखवतो, दुसरा उच्चाराकडे. पण उच्चाराचा हा इशारा अनेकदा फसवा निघतो. आपल्याकडे 'क'ला काना दिला की 'का', मग शब्द कधी न पाहिलेला असला तरी वाचता येतो. तिथं हजारो अक्षरं एकेक करून ओळखीची करून घ्यावी लागतात.

मराठी असो, फ्रेंच असो की चिनी, अक्षरांचे आकार ओळखण्याचं काम डाव्या मेंदूच्या मागच्या, खालच्या बाजूचा एक छोटासा पट्टा करतो. चिनी वाचताना मात्र डाव्या कपाळामागचा एक भागही विशेष जोरात कामाला लागलेला दिसतो. लिहिण्याच्या हालचाली सांभाळणारा भाग त्याच परिसरात आहे. व्हिएन्नाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ सिग्मुंड एक्सनर यांनी 1881 मध्येच तो सुचवला होता. 2012 मध्ये फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देआन आणि सहकाऱ्यांनी फ्रेंच आणि चिनी वाचकांना हस्ताक्षरातले शब्द दाखवले, तेव्हा आकार ओळखणारी आणि हाताची चाल ओळखणारी, अशा दोन्ही यंत्रणा दोघांच्याही मेंदूत जाग्या झाल्या. मला यातली सर्वात सुंदर गोष्ट हीच वाटते: डोळे वाचत असतात आणि स्थिर असलेला हात मनातल्या मनात लिहीत असतो.

चिनी मुलं तीच अक्षरं पुन्हापुन्हा गिरवतात, तेही रेघांचा क्रम न चुकवता. ही घोकंपट्टी वाया जात नाही. ज्यांचं लेखन चांगलं, त्यांचं वाचनही चांगलं, असं मेंदूसंशोधक तान लि-हाय यांच्या गटाला 2005 मध्ये आढळलं. आता फोनवर रोमन अक्षरांत उच्चार टाइप केला की चिनी अक्षर आपोआप समोर येतं, हाताला रेघा काढाव्याच लागत नाहीत. याच गटाच्या 2013 च्या अभ्यासात, असं टाइप करण्यात जास्त वेळ घालवणारी मुलं वाचनात मागे दिसली. मोठ्यांच्या तोंडी तर एक वाक्प्रचार नेहमीचाच आहे: 'लेखणी उचलली, अक्षर विसरलं.'